खंडेनवमीची काडतुसं

शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आमच्या मराठी मंडळात मी सुतारकाम करतो अशी समजूत आहे. ती मीच पसरवली. गणपतीत कोणीतरी विचारलं, "वीकेंडला गॅरेजमध्ये कसली ठोकाठोकी चालते तुमची?" आणि मी "वुडवर्किंग" म्हणून मोकळा झालो. मग एका काकूंनी माझ्याकडे चौरंग मागितला, तेव्हापासून मी त्यांना टाळत असतो. गॅरेजमध्ये मी शेजारच्या अमेरिकन म्हाताऱ्याबरोबर बसून बंदुकीची काडतुसं भरत होतो. मागच्या ऑक्टोबरपर्यंत भरत होतो, म्हणायला हवं.

काडतूस उडवलं की पितळेचं रिकामं नळकांडं उरतं. ते फेकायचं नाही. साफ करायचं, प्रेसमध्ये दाबून पुन्हा मापात आणायचं, बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टिकली बसवायची, आत मोजून पावडर ओतायची आणि तोंडाशी नवी गोळी दाबून बसवायची. ऐकायला सोपं आहे. पण पावडर कमी-जास्त झाली तर बंदूक तोंडासमोर फुटू शकते, म्हणून ह्या कामात गप्पा, फोन, गाणी सगळं बंद ठेवायचं असतं. दिवसभर मीटिंगांमध्ये बडबड ऐकून विटलेल्या माणसाला ह्याची चटक का लागली, ते वेगळं सांगायला नको.

म्हाताऱ्याकडची पावडर लष्करी होती. सैन्याने मोडीत काढलेल्या जुन्या दारूगोळ्यातून पावडर काढून ती मोठ्या प्लास्टिकच्या कॅनमधून स्वस्तात विकतात. दुकानातल्या ताज्या पावडरीला छापील माप असतं, हिला तसं भरवशाचं काही नाही. प्रत्येक कॅनची तऱ्हा वेगळी. अगदी कमी मापापासून सुरुवात करायची, नेमबाजीच्या रेंजवर जाऊन झाडून बघायचं, मग थोडं वाढवायचं, असं करत करत म्हाताऱ्याने त्याच्या कॅनचं माप फार पूर्वी ठरवून ठेवलं होतं. दिसायला ती पेन्सिलीच्या शिशाचे बारीक तुकडे केल्यासारखी, करडी आणि लांबट. लांबट असल्यामुळे मापाच्या यंत्रात अडकायची तिला खोड होती. तेवढी सांभाळून घेतली तर तिच्यासारखी पावडर नाही, असं तो म्हणायचा.

म्हातारा तरुणपणी सैन्यात होता आणि नंतर जन्मभर त्याने शाळेच्या बस दुरुस्त केल्या. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक मुलगी, ती आयोवात. अलीकडे त्याचे हात थरथरू लागले होते. चहाचा कप धरला की बशीत सांडायचा. मुलीने ते पाहिलं आणि सांगून टाकलं की एकट्याने घरात पावडर हाताळणं आता बंद. त्यावर बाप-लेकीत बरंच वाजलं आणि शेवटी तोडगा निघाला तो माझ्या गॅरेजमध्ये. त्याची प्रेस, त्याचा तराजू, मापाचं यंत्र, सगळं आमच्याकडे आलं. बंदूक-दारूगोळा बाळगायचं कार्ड, परवानगी वगैरे माझं रीतसर होतं. तो भरणार आणि मी बारीक टॉर्च घेऊन प्रत्येक नळकांड्यात डोकावणार, पावडरीची पातळी सारखी आहे ना ते बघणार. मुलीने माझा हात हातात घेऊन सांगितलं होतं, "तुमच्या भरवशावर हे चालू ठेवतेय. ज्या दिवशी त्यांच्या हातून चूक होईल, त्या दिवशी मी येऊन सगळं घेऊन जाईन, बंदुका पण." म्हाताऱ्याने मान डोलावली होती. त्याच्याकडे दुसरं काही उरलेलं नव्हतं हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

शनिवारी आम्ही शहराबाहेरच्या रेंजवर जायचो. मक्याच्या शेतांमधली ती रेंज, तिथे सगळे त्याच्यासारखेच गोरे. माझ्यासारखा मी एकटा. पण त्या लोकांनी मला फार लवकर आपलंसं केलं आणि ह्या गोष्टीचा मला बेसुमार गर्व होता. माझाही त्यांच्यासारखा चौकड्यांचा शर्ट, कळकट टोपी, गाडीला टेकून उभं राहायची तीच ढब. तिथे मला कोणी "हे तुमच्या धर्मात चालतं का" असलं विचारत नसे. ऑफिसात विचारतात. तिथे मी फक्त शेजाऱ्याबरोबर येणारा, नीट काम करणारा माणूस होतो. बायको म्हणायची, "तिथे जाताना तू चालतोसही वेगळा." मी चिडायचो, कारण ते खरं होतं.

उन्हाळ्यात आई कोल्हापूरहून आली. दोन दिवसांत तिची आणि म्हाताऱ्याची मैत्री झाली. ती त्याला "शेजारचे भाऊ" म्हणायची. कुंपण नसलेल्या लॉनवर दोघं उभे राहायचे आणि मध्ये मी दुभाषा. मी प्रामाणिक दुभाषा नव्हतो. आई विचारायची, "त्यांना विचार, बायको कशानं गेली? जेवतात काय मग? रोज कुणाचं तोंड बघून जेवतात?" मी इंग्रजीत विचारायचो, "ती विचारतेय, तुमची तब्येत कशी आहे." तो विचारायचा, "त्या कपाळावरच्या लाल टिळ्याचा अर्थ काय असतो?" तेव्हा आईला न विचारताच मी सांगून टाकायचो की काही नाही, जुन्या लोकांची सवय. आई मला विचारायची, "एवढं लांबलचक मी बोलले, तू एवढंसंच कसं सांगायलास?" इंग्रजी आटोपशीर भाषा आहे, अशी थाप मी ठोकून दिली होती.

गॅरेजमध्ये आम्ही काय करतो ते आईला माहीत होतं. बायकोने नाक मुरडत सांगितलं होतं. आईने फार चौकशी केली नाही. तिला प्रेस आवडली होती. ओट्याला बोल्टने आवळलेली, लोखंडी, लांब दांड्याची. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं, त्यामुळे असल्या वस्तू तिला परक्या नव्हत्या. दांडा वरखाली करून ती म्हणाली, "तेल पाणी वेळच्या वेळी करायलाय की माणूस."

मग खंडेनवमी आली. मला पत्ताही नव्हता. गुरुवार होता आणि मी घरून काम करत होतो. दुपारी आई दारात येऊन म्हणाली, "गॅरेजातल्या मशीनची पूजा केलेय. आज हात लावायचा नाही त्याला. उद्या दसऱ्याला सुरू करायचं." माझ्या कानाला हेडफोन, समोर क्लायंट. मी अंगठा वर करून ठीक आहे अशी खूण केली.

वडिलांच्या वर्कशॉपमध्ये खंडेनवमीला लेथ बंद असायचे. आदल्या दिवशी सगळी मशीनं रॉकेलने धुवायची, नवमीला हळद-कुंकू, झेंडूच्या माळा, नारळ, पेढे, आणि त्या दिवशी कोणी बटणाला हात लावायचा नाही. दसऱ्याला सकाळी वडील स्वतः कॉटन वेस्टचा बोळा घेऊन एकेक मशीन पुसायचे. लेथच्या जबड्यात, चकमध्ये अडकलेली अक्षता टोकदार सळईने उकरून काढायचे. ते झाल्याशिवाय मशीन सुरू करायची कामगारांना मुभा नव्हती. हे सगळं मला माहीत होतं. त्या पेढ्यांवर मी वाढलोय.

चारच्या सुमाराला म्हातारा येणार होता. शनिवारी रेंजवर न्यायची काडतुसं भरायची होती. मी पाच मिनिटं आधी गॅरेजमध्ये गेलो आणि दिवा लावला. आईने मन लावून पूजा केली होती. प्रेसच्या दांड्याला हळदीकुंकवाची बोटं. तराजूच्या पारड्यात एक बदाम. मापाच्या यंत्रावर, म्हणजे ज्या उभ्या प्लास्टिकच्या नळीत पावडर भरतात तिच्या तोंडावर, दारातल्या कुंडीतलं झेंडूचं फूल. काम झालं की ती नळी आम्ही रिकामी करून उघडी ठेवत असू. सगळ्यावर कुंकवाने लाल केलेल्या अक्षता. समोर चिमुकली रांगोळी आणि त्यावर दोन पेढे, एक बहुतेक म्हाताऱ्यासाठी.

  कोणीतरी मला कपड्यांशिवाय बघणार आहे असं मला वाटलं. रेंजवरची मंडळी डोळ्यांसमोर आली. म्हातारा भला माणूस होता, तो काही हसला नसता. उलट त्याने कुतूहलाने विचारलं असतं, आणि मग शनिवारी गाडीला टेकून तो सगळ्यांना सांगत बसला असता की ह्याची आई यंत्राची पूजा करते, काय छान पद्धत आहे. त्या "छान"चीच मला धास्ती होती. आज काम नको, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मग का नको, हे सांगावं लागलं असतं.

बाजूच्या दारावर टकटक झाली. मी फडकं उचललं. पेढे खिशात, बदाम खिशात, रांगोळी बुटाने फिसकटली, दांडा पुसला, फूल काढून कचऱ्यात टाकलं. नळीत डोकावलो तर आत दोन-तीन अक्षता. नळी सोडवून उपडी करायला हवी होती, आतून पुसायला हवी होती. मी तिच्यात फुंकर मारली, तोंड पुसलं आणि झाकण लावलं. अक्षता ओलसर होत्या. एखादी खालच्या अंगाला चिकटून राहिली असेल हे माझ्यासारख्या इंजिनियरला सुचायला हरकत नव्हती. ते सुचायला माझं डोकं जागेवर नव्हतं.

म्हातारा आला, त्याने कॅनमधली पावडर नळीत ओतली आणि काम सुरू झालं. तो दांडा हलवी, माप पडे, मी टॉर्चने आत बघे. म्हणजे बघायचं नाटक करत होतो. माझं सगळं लक्ष प्रेसच्या सांध्यात राहून गेलेल्या कुंकवाच्या रेघेकडे होतं. त्याचं डोकं तिकडे वळलं की मी मध्ये हात घालायचो. एकदा त्याने विचारलंसुद्धा, "आज तू उभा का राहत नाहीस एका जागी?" कंबर धरलीय, म्हणालो. अशा अवस्थेत मी नळकांडी तपासली आणि सगळी ठीक आहेत असं सांगितलं.

शनिवारी रेंजवर त्याने नेहमीसारख्या सावकाश गोळ्या झाडायला सुरुवात केली. मी शेजारच्या बाकावर होतो. मध्येच एक बार झाला तो बार नव्हताच. ओल्या लवंगीसारखा फुस्स आवाज आला आणि समोरच्या कागदावर काहीच उमटलं नाही. म्हाताऱ्याने लगेच बंदूक तशीच धरून ठेवली आणि हात वर केला. अर्धवट पावडरीमुळे गोळी बंदुकीच्या नळीतच अडकली होती. त्यावर दुसरी झाडली असती तर बंदूक फुटली असती आणि त्याचा चेहराही राहिला नसता. बार उशिरा उडू शकतो म्हणून तो थोडा थांबला, मग त्याने हळूच खिट्टी उघडली. न जळलेली पावडर भसकन बाकावर सांडली.

त्या करड्या पावडरीत एक तांदळाचा दाणा होता. एका टोकाला करपलेला, दुसऱ्या टोकाला अजून लाल.

म्हाताऱ्याचा चष्मा कपाळावर होता. त्याला तो दिसला नाही. आजूबाजूचे दोघे-तिघे गोळा होत होते. मी पावडर हाताने एकत्र केली, दाणा मुठीत घेतला आणि मूठ खिशात घातली. इतकं सफाईने मी आयुष्यात दुसरं काही केलं नसेल.

"माझा हात कमी पडला असणार," म्हातारा म्हणाला. कोणाला उद्देशून नाही. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत म्हणाला. रेंजवरच्या एकाने त्याच्या खांद्यावर थोपटलं. "होतं असं कधी कधी," तो म्हणाला. म्हाताऱ्याने मान हलवली. "माझं कधी झालं नव्हतं."

येताना मी गाडी चालवत होतो. तो खिडकीबाहेर बघत होता. तसाच बघत म्हणाला, "आज मुलीला फोन करतो. मी शब्द दिलाय." मी तोंड उघडलं. पुढच्या एक्झिटला ट्रॅफिक असेल का, असं विचारलं. तो म्हणाला, असेल.

घरी येऊन मी खिसा स्वयंपाकघराच्या ओट्यावर रिकामा केला. किल्ल्या, पाकीट, आणि तो दाणा. आई पोळ्या लाटत होती. तिने बघितलं. "अक्षता आहे की ही. करपली कशी?"

मग माझा तोल गेला. "तुला कोणी सांगितलं होतं तिथे पूजा करायला?" मी म्हणालो. "ते काय वर्कशॉप आहे का? ती मेजरिंगची वस्तू आहे, त्यात तुझे तांदूळ गेले, पावडर अडून कमी पडली. त्यांची गोळी बॅरलमध्ये अडकली. मेले असते ते आज." बायको आतून बाहेर आली आणि दारातच थांबली.

आईने लाटणं खाली ठेवलं. "लागलं का कुठे त्यांना?"

"नाही."

"मी म्हटलं होतं, आज चालवू नको म्हणून."

"आई, इथे असलं काही चालत नाही."

तिने हाताचं पीठ झटकलं. "मग आता त्यांना सांगितलंस का, कशामुळे झालं ते?"

"सांगतो."

"म्हणजे सांगितलं नाहीस. ते काय समजायलेत?"

"त्यांचा हात चुकला असं."

आईने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा लाटायला लागली. त्या संध्याकाळी मी काही सांगितलं नाही. रविवारी सकाळीही नाही. रविवारी अकराच्या सुमाराला आयोवाच्या नंबरप्लेटची गाडी शेजारच्या दारात लागलेली मला वरच्या खिडकीतून दिसली. म्हाताऱ्याच्या मुलीने मागचं दार उघडून आतल्या सीट आडव्या केल्या. बंदुका ठेवायला जागा करत होती. मी खिडकीपासून बाजूला झालो आणि लॅपटॉप उघडला, जणू रविवारी माझी वाट बघत कोणी बसलं होतं.

खालून बायकोची हाक आली. "अरे, आई कुठे चालल्यात बघ."

आई लॉनवरून चालली होती. नऊवारी नाही, साधी सुती साडी, वर माझ्या बायकोचं फुगीर जॅकेट, पायात मोजे आणि चपला. हातात ताट. मी जिना उतरून धावलो. मी पोचलो तेव्हा ती म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरात उभी होती. टेबलावर ताट होतं, त्यात हळदीकुंकवाची कोयरी, वाटीत अक्षता, आणि कागदाच्या नॅपकिनवर तो करपलेला दाणा. ती अक्षता उचलून हवेतल्या हवेत एका यंत्रावर टाकून दाखवत होती, मग करपलेल्या दाण्याकडे बोट, मग स्वतःच्या छातीकडे बोट. परत पहिल्यापासून. म्हातारा आणि त्याची मुलगी खुर्च्यांच्या कडेवर बसून बघत होते. कोणाला काही कळत नव्हतं, पण कोणी तिला थांबवतही नव्हतं.

मला बघून तिचा जीव भांड्यात पडला. "आलास? सांग त्यांना नीट. म्हणावं माझ्या हातून झालं. मशीनची पूजा मी केली, तांदूळ मी टाकले. त्यांच्या हाताचा काही दोष नाही म्हणावं. आणि सगळं सांग, आटोपशीर नको."

म्हाताऱ्याची मुलगी माझ्याकडे वळली. "काय म्हणतायत त्या?"

मी आईचं म्हणणं सांगितलं. ह्या वेळी सगळं सांगितलं. खंडेनवमी काय, यंत्रं का पुजतात, त्या दिवशी ती का चालवत नाहीत, सगळं. सांगताना लक्षात आलं की ते इंग्रजीत अगदी सहज सांगता येत होतं. म्हाताऱ्याने चष्मा लावला, दाणा चिमटीत धरला. चिमूट थरथरत होती. "म्हणजे माझं माप बरोबर होतं," तो म्हणाला.

"तुमचं बरोबर होतं," मी म्हणालो.

तो श्वास सोडून मागे टेकला. एवढ्यावर थांबता आलं असतं. आईने चूक कबूल केली होती, म्हातारा सुटला होता, मुलीचा चेहराही सैल झाला होता. ती आईकडे बघून हसायला लागली होती, वयस्कर परक्या बाईकडे बघून हसतात तसं. ते हसू मला सहन झालं नाही.

"पण चूक तिची नाही," मी म्हणालो. "तिने मला त्या दिवशी यंत्र चालवू नको म्हणून सांगितलं होतं. तुम्ही यायच्या आधी मी ते सगळं घाईने पुसलं. आतून साफ केलं नाही. आणि टॉर्चने मी नीट बघितलंही नाही. रेंजवर हा दाणा मला दिसला होता, तो मी खिशात घातला."

मुलगी हसायची थांबली. "पण पुसलं का? सांगायचं होतं ना."

"तुमच्या वडिलांना दिसू नये म्हणून."

"काय दिसू नये?" म्हाताऱ्याने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

मी टेबलावरच्या ताटाकडे बघितलं, आणि मग माझी नजर आईकडे गेली. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी होती, टीव्हीवर इंग्रजी सिनेमा बघते तशी, एक शब्द कळत नसताना सगळं ऐकत. "हे," मी म्हणालो. "मला लाज वाटली. तिची."

म्हाताऱ्याने दाणा परत नॅपकिनवर ठेवला. मग आवाज उतरवून त्याने विचारलं, "तिला माहीत आहे?"

"नाही."

त्याने मान हलवली, खुर्चीतून उठला आणि आईसमोर जाऊन उभा राहिला. "हिला सांग, बंदुकीला काही झालेलं नाही. गोळी निघाली. आणि ताट घेऊन आल्याबद्दल मी आभारी आहे." ते मी शब्दाला शब्द सांगितलं. आईने हात जोडले. त्यानेही जोडले, थरथरते.

मुलीने गाडीतल्या सीट पुन्हा सरळ केल्या. बंदुका घरातच राहिल्या. मला तिने दारापर्यंत सोडलं आणि शांतपणे सांगितलं, "बाबांचे हात मला वाटले त्यापेक्षा बरे आहेत. रेंजवरच्या कोणालातरी मी त्यांच्याबरोबर बसायला सांगेन. प्रेस आजच परत आणून ठेवाल का?" मी हो म्हणालो. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

परत येताना लॉनच्या मध्यावर आईने विचारलं, "एवढं काय बोलत होतास? माझं सांगून झाल्यावर?"

"चूक माझी होती म्हणून सांगितलं."

ती थांबली. "माझं नाव काढून टाकलंस?"

"तसं नाही, आई. खरंच माझी होती. मी ते घाईघाईत पुसलं—"

"असू दे." तिने जॅकेटच्या लांब बाहीने डोळे टिपले. "तुझे बाबा पण असंच करायचे. कामगाराचा हात चुकायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, माझं चुकलं. काल माझ्यावर ओरडलास तेव्हा मला वाटलं होतं, पोरगं बदललं."

मी म्हणालो, "आई, ऐक ना. मी ते का पुसलं माहितेय?"

"कळतं मला. भाऊ यायच्या आत जागा स्वच्छ करायला गेलास," ती म्हणाली आणि ताट माझ्या हातात देऊन पुढे चालू लागली. एका परक्या बाईसमोर जे वाक्य मी इंग्रजीत बोलून आलो होतो, ते मराठीत माझ्या तोंडून निघेना. ते आज निघालं नाही तर परत कधी निघणार नाही, हेही कळत होतं. मी तिच्या मागून ताट घेऊन घरी आलो.

दुपारी प्रेसचे बोल्ट सोडवले. कुंकवाची रेघ सांध्यात तशीच होती. ती न पुसता प्रेस म्हाताऱ्याच्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. तो घरात होता, बाहेर आला नाही.

संध्याकाळी आईने मावशीला व्हिडिओ कॉल लावला. भारतात सोमवारची सकाळ होती, मावशी चहा पीत बसली होती. आईने तिला सगळी गोष्ट सांगितली. मशीन, पूजा, तांदूळ, बंदूक, शेजारचे भाऊ. आणि शेवटी, सगळ्यांसमोर, पोराने आईची चूक कशी स्वतःच्या अंगावर घेतली. सांगताना तिचा आवाज भरून आला. बायको भाजी चिरत होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिला सगळं माहीत होतं. दुपारी मी तिला सांगितलं होतं.

"दे त्याच्याकडे फोन," मावशी म्हणाली.

आईने फोन माझ्या हातात दिला आणि माझ्या शेजारीच बसून राहिली, गुडघ्यावर हात ठेवून, ऐकायला.

"ताईने सांगितलं मला," मावशी म्हणाली. "तिकडं राहून पण आईला जपलंस, बाबा. लोकांसमोर तिची मान खाली जाऊ दिली नाहीस."

आई माझ्याकडे बघत होती. बायको सुरी थांबवून बघत होती.

"त्यात काय एवढं, मावशी," मी म्हणालो. "आई आहे माझी."